प्लेयर्स हँडबुक : अंगात चिलखत आणि तोंडात मंत्र असा लढवय्या हवाय त्यांच्यासाठी

आधीच सांगतो, हा अख्ख्या पुस्तकाचा रिव्ह्यू नाहीये. डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळाचं प्लेयर्स हँडबुक, पाचवी आवृत्ती, २०१४ सालचं, तीनशेवर पानं, बारा क्लास, म्हणजे कॅरॅक्टरचे बारा पेशे. त्यातला बार्ड कसा आहे, ड्रुइड कसा आहे हे मला विचारू नका, मी ते कधी खेळलोच नाही. मला पहिल्या दिवसापासून एकच पाहिजे होतं, अंगभर लोखंड, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातातून जाळ. बास. तर ह्या एका हट्टापायी चार वर्षं हे पुस्तक उलटंपालटं केल्यावर ते कामाला येतं का, कुठे येतं आणि कुठे डोक्याला शॉट लावतं, एवढंच लिहितोय.

पुस्तक आलं मामेभावाच्या बॅगेतून, तो न्यू जर्सीहून येताना घेऊन आला. किंमत ४९.९५ डॉलर, आणि हा आकडा आईला कळल्यापासून घरात कुठलीही गोष्ट महाग वाटली की तिची तुलना ह्या पुस्तकाशी होते. आम्ही सहाजण, रविवारी दुपारी, कोथरूडला एकाच्या फ्लॅटवर. डीएम म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, आमच्याकडे ती मित्राची मोठी बहीण आहे, तिला सगळे ताईच म्हणतात. ती आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असल्यामुळे नियमांवरून कुणी फार वाद घालत नाही, जे एका अर्थानं बरंच आहे.

माझं पहिलं कॅरॅक्टर. लाज वाटते पण सांगतो. एका जळालेल्या राज्याचा शेवटचा राजपुत्र, काळं चिलखत, डोळ्यात निळी आग, नऊ पानांची बॅकस्टोरी, वंशावळ वेगळी. क्लास एल्ड्रिच नाईट, म्हणजे फायटरचीच एक शाखा जिला तिसऱ्या लेव्हलला विझर्डची थोडी जादू मिळते. ताईनं नऊच्या नऊ पानं वाचली, चहा संपवला आणि म्हणाली, "हे सगळं होऊन गेलंय ना रे? मग आता हा काय करणार?"

मला उत्तर नव्हतं. मी म्हणलं, लढणार.

आणि लढला पण. तिसऱ्या लेव्हलचं पहिलंच भांडण, एका पडक्या पुलावर गॉब्लिन, वरून बाण. ताईनं फासा टाकला, "एकोणीस, लागतोय का?" माझा एसी, म्हणजे वार लागायला समोरच्यानं गाठायचा आकडा, बरोब्बर एकोणीस होता, साखळीचं चिलखत सोळा, ढाल दोन, वर फायटिंग स्टाईलचा एक, म्हणजे लागत होता. मी जोरात ओरडलो "शील्ड!" कारण ह्या स्पेलनं, म्हणजे मंत्रानं, आपल्या पुढच्या पाळीपर्यंत पाच वाढतात, मी चोवीसवर जाणार, बाण टणकन उडणार, सगळे वा वा करणार असं चित्र डोक्यात तयार. ताई शांतपणे म्हणाली, "कुठल्या हातानं?"

कुठल्या हातानं म्हणजे?

म्हणजे असं की शील्ड स्पेलला हाताची खूण करावी लागते, आणि त्यासाठी एक हात मोकळा लागतो, हे पुस्तकात दहाव्या प्रकरणात सरळ लिहिलेलं आहे, आणि माझ्या एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. बाण लागला. वॉर कास्टर नावाचं फीट, म्हणजे जास्तीचं कसब, घेतलं तर हात भरलेले असतानाही खुणा करता येतात, पण ते सहाव्या प्रकरणात, आणि एल्ड्रिच नाईटला ते लवकरात लवकर चौथ्या लेव्हलला मिळतं. हे तीन तुकडे तीन वेगळ्या ठिकाणी आहेत आणि एल्ड्रिच नाईटच्या पानावर "बाबा रे, ढाल घेणार असशील तर आधी हे बघ" अशी एक ओळ नाही. गंमत म्हणजे दोन हाती तलवारवाल्याला हा त्रासच नाही! कारण दोन्ही हात फक्त वार करताना लागतात, एरवी एक हात सोडून खुशाल मंत्र म्हणा. म्हणजे ज्यानं ढाल घेऊन स्वतःला जपायचं ठरवलं त्यालाच ढालीचा मंत्र मारता येत नाही. मी हे कळल्यावर दोन दिवस चिडचिड करत होतो.

त्या दिवशी पुढं काय झालं, तर दोन स्लॉट होते, म्हणजे दिवसाला दोनच मंत्र मारायची सोय, तिसऱ्या लेव्हलला दोनच असतात, नंतर ढाल टाकून दोन्ही वापरले आणि संध्याकाळपर्यंत माझा निळ्या डोळ्यांचा राजपुत्र एक साधा, गरीब फायटर होता. दोन कॅन्ट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारे छोटे मंत्र, होते तेवढे टाकत बसायचं. आणि जो जाळ मला हवा होता, फायरबॉल, तो विझर्डला पाचव्या लेव्हलला मिळतो, एल्ड्रिच नाईटला तेराव्या. तेराव्या! आम्ही महिन्यातून दोनदा खेळतो, तेराव्या लेव्हलपर्यंत माझं लग्न होऊन पोरं शाळेत गेली असती.

आता ह्यात पुस्तकाचा दोष किती आणि माझा किती. खरं बोलायचं तर साठ टक्के माझा. ह्या खेळाला चिलखत आणि विझर्डची जादू एकत्र देणं पहिल्यापासूनच जड गेलंय. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसननी पहिली पेटी काढली तेव्हा मॅजिक-युजरला, म्हणजे त्या वेळच्या विझर्डला, चिलखत नव्हतंच, शस्त्र म्हणजे खंजीर. एल्फ असाल तर थोडी पळवाट होती. पॅलाडिन, म्हणजे शपथेला बांधलेला चिलखतवाला योद्धा, १९७५ च्या पुरवणीत आला, आणि १९७८ च्या हँडबुकात पॅलाडिन व्हायचं तर करिष्मा, म्हणजे छाप पाडायच्या ताकदीचा आकडा, किमान सतरा पाहिजे, म्हणजे फाशांनी साथ दिली नाही तर विषयच संपला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत विझर्डनं चिलखत घातलं की मंत्र फसण्याचे टक्के असायचे, फुल प्लेट, म्हणजे अंगभर पत्र्याचं चिलखत, घातली तर पस्तीस टक्के. आमचा एक सिनियर अजून ते टक्के आठवून हळहळतो. पाचव्या आवृत्तीत ह्यातलं काही उरलं नाही, एकच नियम आहे, ज्या चिलखताचं तुमच्याकडे प्राविण्य आहे ते घालून मंत्र म्हणा, नसेल तर अजिबात म्हणता येणार नाही. इतकं स्वच्छ. त्यामुळे आता प्रश्न "चालतं का" हा उरलेला नाही. चालतंच. प्रश्न उरलाय तो कॉन्सेप्टचा, की हा माणूस दोन्ही का करतो. लोखंड अंगावर घेणारा माणूस म्हणजे ज्याला मार खायचाय हे माहितीये. जादू शिकलेला माणूस म्हणजे ज्यानं मार खायची वेळच येऊ नये म्हणून पंधरा वर्षं पुस्तकात घालवली. एकच माणूस दोन्ही करत असेल तर काहीतरी कारण असणार ना. माझ्या राजपुत्राला ते नव्हतं, त्याला फक्त भारी दिसायचं होतं.

पुस्तक ह्याची तीन उत्तरं देतं, पण ती एका जागी ठेवत नाही, तुम्हाला क्लास वाचत वाचत काढावी लागतात. मी काढली ती अशी.

एल्ड्रिच नाईटनं जादू शिकलेली असते. घोकून, चोरून, कुणाच्या तरी हाताखाली राबून. ती त्याची कमाई, कुणी परत घेऊ शकत नाही, पण कमाई तुटपुंजी.

पॅलाडिनची जादू म्हणजे वचन. इथे मला आपला जुना शब्द फार आवडतो, विडा उचलणं. भर दरबारात पैजेचा विडा उचलला की मागं फिरायचं नाही, पॅलाडिन तेच करतो आणि त्या उचललेल्या विड्यातूनच त्याची ताकद येते. २०१४ च्या पुस्तकात तर देवसुद्धा कम्पल्सरी नाही, शपथेवरची निष्ठा पुरते, आणि जुन्या काळासारखी "सज्जनच पाहिजे" ही अट पण गेली. तीन शपथा दिल्यात, डिव्होशन, एन्शंट्स आणि व्हेंजन्स, आणि पान ८६ वर एक चौकट आहे की शपथ मोडली तर काय, रात्रभर जागून प्रार्थना, उपास, नाहीतर डीएम तुमचा क्लासच काढून घेऊ शकतो. माझ्या मते ह्या अख्ख्या पुस्तकात कॉन्सेप्ट शोधणाऱ्यासाठी सगळ्यात कामाची चौकट हीच. कारण ती तुम्हाला विचारते की तुझी जादू जाऊ शकते, कशानं जाईल? ह्याचं उत्तर एका ओळीत देता आलं की कॅरॅक्टर तयार झालं, नऊ पानं लागत नाहीत.

खेळायला पण पॅलाडिन मजबूत. दुसऱ्या लेव्हलपासून डिव्हाईन स्माईट, आणि त्यातली खरी चैन अशी की वार लागला हे बघून मग ठरवायचं स्लॉट जाळायचा का नाही. क्रिटिकल पडला, म्हणजे फाशावर वीस आले, की सगळ्यात खालच्या स्लॉटचे दोन डी-एट, म्हणजे आठ बाजूंचे फासे, चार होतात, आमच्यातल्या एकीनं एका ओगर राक्षसाला असा झोपवला की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, मॅच आहे का? शिवाय लेव्हलच्या पाचपट जखमा नुसत्या हातानं भरून काढता येतात, आणि सहाव्या लेव्हलला त्याच्या दहा फुटांत जो उभा असेल त्याला सगळ्या सेव्हिंग थ्रोला, म्हणजे संकटातून सुटायच्या फाशाला, करिष्म्याचा बोनस. चिलखतवाल्यानं पुढं उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या आसऱ्याला यायचं हे जे चित्र असतं मनात ते नियमातच बसवलंय. ह्याला दाद दिली पाहिजे.

आणि तिसरा क्लेरिक, ज्याला कुणी हात लावत नाही. आमच्याकडे क्लेरिक म्हणलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पळी-पंचपात्री घेतलेले गुरुजी येतात आणि गुरुजी कुणाला व्हायचं नसतं. पण आकडे बघा राव. वॉर डोमेन, म्हणजे युद्धाच्या देवाचं खातं, घेतलं तर पहिल्या लेव्हलपासून जड चिलखत, सगळी मार्शल शस्त्रं, ढालीवरच देवाचं चिन्ह काढलं की मटेरियल, म्हणजे काही सामान, लागणाऱ्या स्पेलना हाताची भानगड बरीचशी मिटली, आणि जादू पूर्ण, मंत्रांच्या नवव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत. एल्ड्रिच नाईट आयुष्यभर घासून चौथ्या पायरीवर थांबतो, पॅलाडिन पाचव्या. म्हणजे "चिलखत आणि जादू दोन्ही पोटभर" हा हिशोब असेल तर जेवणाचं ताट क्लेरिकसमोर आहे आणि आम्ही लोक बाजूला वडापाव खात उभे. ह्याची जादू दिलेली असते, नेमणूक असते, वरचा साहेब असतो. ज्याला नोकरीतल्या माणसाची गोष्ट खेळायचीये त्याच्यासाठी एक नंबर, बदलीची भीती धरून.

हेक्सब्लेड आणि आर्मरर ह्या शाखा पण लोक सुचवतात. ते ह्या पुस्तकात नाहीत, पहिला २०१७ च्या झॅनाथारच्या पुस्तकात, दुसरा २०२० च्या टाशाच्या. आर्मरर म्हणजे चिलखतालाच यंत्र बनवणारा, मस्त आहे, पण त्यासाठी अजून एक पुस्तक घ्या असं मी पहिल्याच महिन्यात कुणाला सांगणार नाही, घरचे विचारतात.

इथे आमच्या टेबलावरचा कर्णाचा किस्सा सांगितलाच पाहिजे. आमच्यातल्या एकाला झटका आला की बाहेरचे कॉन्सेप्ट कशाला, आपल्याकडे कर्ण आहे की. आणि कागदावर बघाल तर खरंच, जन्मजात कवच, मंत्र म्हणून सोडायची अस्त्रं, वर परशुरामाचा शाप की ऐन वेळेला विद्या आठवणार नाही. चिलखतवाल्या जादूगाराचा ह्याहून भारी नमुना जगात मिळणार नाही. ताई म्हणाली कर. दुसऱ्या सेशनला बाजारात एक म्हातारा भिक्षुक भेटला, त्यानं नुसता हात पुढे केला आणि टेबलावरचे पाचजण एका सुरात "देऊ नकोस रे!!" तो भिक्षुक बिचारा खरंच भिक्षुक होता, ताईच्या डोक्यात काही नव्हतंच. पण तिथून पुढे खेळ संपला, प्रत्येक वळणावर सगळ्यांना पुढचं माहीत, त्याच्या रथाचं चाक कुठं रुतणार ह्यावर पैजा. शेवटी त्यानं कवच टाकलं, कुंडलं टाकली, नाव टाकलं, आणि फक्त शाप ठेवला. व्हेंजन्सचा पॅलाडिन, ज्यानं खोटं नाव सांगून शपथ घेतलीये आणि ज्या दिवशी खरं नाव उघड होईल त्या दिवशी जादू जाईल. अडीच वर्षं झाली, अजून चालू आहे, आणि आम्हाला खरं नाव अजून माहिती नाही.

मग मी पण राजपुत्राला पुलाखाली सोडून दिलं आणि पुस्तक उलट्या बाजूनं वाचायला घेतलं. म्हणजे क्लास आधी नाही, चौथं प्रकरण आधी, बॅकग्राउंडचं, म्हणजे कॅरॅक्टर आधी कोण होतं त्याचं. तेरा बॅकग्राउंड आहेत, प्रत्येकाला स्वभाव, आदर्श, बंध आणि खोट असे चार तक्ते, फासा टाका आणि जे येईल ते घ्या. मी हे प्रकरण तीन वर्षं फिलर समजून ओलांडून जात होतो! मला आला गिल्ड आर्टिझन, म्हणजे कारागीर, धंद्याच्या तक्त्यावर धातूकाम, आणि खोट अशी की आपल्यापेक्षा सरस काम करणाऱ्याचा भयंकर जळफळाट.

माझं आजोळ कसब्यातलं. तांबट आळीतून जाताना तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, बंब, घंगाळं, हंडे, आणि मठारकामाचे ते ठोके, एका लयीत, ठोक्याशेजारी ठोका, एकही वाकडा नाही. डोक्यात बसलं ते. असा एक तांबट, ज्याचे मंत्र शब्दांत नाहीत, ठोक्यांत आहेत. चिलखत लोखंडाचं, वर तांब्याचा पत्रा, आणि त्या पत्र्यावर एकेक स्पेल म्हणजे मठारकामाचा एकेक चौकोन. छातीवर शील्ड, डाव्या खांद्यावर अॅब्सॉर्ब एलिमेंट्स... थांबा, तो स्पेल ह्या पुस्तकात नाही, झॅनाथारमध्ये आहे, तेव्हा खांद्यावर प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड.

आणि इथून पुढे तोच एल्ड्रिच नाईट जो मला दरिद्री वाटत होता, त्याचा एकेक नियम फिट्ट बसायला लागला. लेव्हल वाढली की एक जुना स्पेल टाकून नवा घेता येतो, म्हणजे हा जुना चौकोन ठोकून सपाट करतो आणि नवा काढतो. शस्त्राशी बंध जोडायला एक तास लागतो, म्हणजे ऐरणीवर एक तास. सुरुवातीचे तीनपैकी दोन स्पेल संरक्षणाचे नाहीतर स्फोटाचेच घ्यायचे ही जी अट होती ती मला पहिल्यांदा जाचक वाटलेली, आता वाटलं की पत्रा ठोकणाऱ्याला दुसरं काय सुचणार? आणि शस्त्र वॉरहॅमर, एका हातानं पण चालतो, दोन्ही हातांनी मारला की जोर जास्त, मंत्राच्या वेळी एक हात मोकळा. ढालच नाही. हाताचा प्रश्न मिटला तो असा. स्लॉट अजून पण दोनच होते, तिसऱ्या लेव्हलचेच आकडे, काही बदललं नव्हतं, पण आता दोन स्लॉट म्हणजे दिवसभरात त्याच्या हातून दोनच खणखणीत कामं निघणार, कारागिराचं असतं तसं.

खोट कामाला आली ती चौथ्या सेशनला. किल्ल्याचा सरदार समोर, अंगावर पूर्ण प्लेट, ताईनं सहज वर्णन केलं की छातीवर वेलबुट्टी कोरलेली, सांधे असे की चालताना आवाज नाही. सगळे हल्ला करतायत, माझी पाळी आली आणि मी विचारलं, "कुणाच्या हातचं काम हे?" टेबलावर शांतता. ताईला पण हसू आवरेना. सरदारानं सांगितलं, नाव सांगितलं, आणि तिथून पुढचे दोन महिने आमची मोहीम त्या कारागिराला शोधण्यात गेली. हे मी ठरवून केलं असतं तर जमलं नसतं, एका फाशाच्या तक्त्यानं केलं.

अजून एक गोष्ट जी चिलखतवाला खेळणाऱ्यानं आधीच ठरवावी. पान १४५ वरचा तो तक्ता नुसता एसीसाठी बघू नका. प्लेट पासष्ट पौंड, म्हणजे साधारण साडेएकोणतीस किलो, म्हणजे घरचा भरलेला गॅस सिलेंडर अंगावर बांधून फिरणं झालं. किंमत पंधराशे सोन्याची नाणी, त्यामुळे सुरुवातीला मिळतच नाही, सुरुवात साखळीवर. चोरून चालायचं म्हणलं की डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी पडेल तो घ्यायचा. आणि जड चिलखत घालायला दहा मिनिटं, उतरवायला पाच. रात्री तळावर हल्ला झाला तर? माझ्या तांबटावर झाला, बंडीवर होता बिचारा, एसी अकरा. चिलखत काढलं की तुमचं कॅरॅक्टर कोण आहे हे एकदा ठरवून ठेवा, कारण ती रात्र येतेच.

आता पुस्तक म्हणून तक्रारी. शेवटची सूची मुंगीच्या अक्षरात, आणि एक शब्द शोधला की ती तुम्हाला दुसऱ्या शब्दाकडे पाठवते, सरकारी ऑफिसात खिडक्या बदलायला लावतात तसं. स्पेलच्या याद्या पान २०७ पासून, त्यात प्रत्येक क्लासची नुसती नावं, स्पेल जादूच्या कुठल्या शाखेचा, म्हणजे संरक्षणाचा का स्फोटाचा वगैरे, ते यादीत नाही. एल्ड्रिच नाईटला तर शाखेचीच अट! म्हणजे विझर्डच्या यादीतलं एकेक नाव घेऊन मागं ऐंशी पानांत शोधा, ही बाबा आपली शाखा नाही, पुढचं नाव. मी शेवटी पेन्सिलनं यादीतच खुणा केल्या. माझ्या पुस्तकाची पानं पण फायरबॉलपाशी सैल झालीत आणि पान २४१ वर तर्रीचा डाग आहे, पण तो दोष माझा आणि मिसळीचा.

२०२४ ची नवी आवृत्ती आलीये, ३८४ पानांची, ती मी मित्राची वापरली, दोन-तीन महिने. चिलखतवाल्यांसाठी त्यात बरंच हललंय. एल्ड्रिच नाईटची शाखेची अट गेली, आणि सातव्या लेव्हलला तलवारीच्या एका वाराऐवजी कॅन्ट्रिप टाकता येतो, जे जुन्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत. स्पेलच्या यादीत शाखा छापलीये, देव पावला. क्लेरिकला पहिल्याच लेव्हलला विचारतात की तू रक्षक का अभ्यासू, रक्षक म्हणलं की जड चिलखत, डोमेन कुठलंही असो. पॅलाडिनवाले मात्र नाराज आहेत कारण स्माईट आता स्पेल झालाय, बोनस अॅक्शन, म्हणजे पाळीतली जादाची छोटी कृती, खातो, एका टर्नला एकदाच, आणि तोंडानं म्हणावा लागतो त्यामुळे सायलेन्स ह्या आवाज बंद करणाऱ्या स्पेलमध्ये बंद. आमच्या ओगरवालीनं तर सरळ नकार दिला. मला विचाराल तर बदल वाईट नाही, नाहीतर पॅलाडिनवाले सगळे स्लॉट मारण्यातच उडवायचे आणि बाकीचे मंत्र पुस्तकातच राहायचे. पण एका गोष्टीसाठी मला जुनंच हवं. नव्यात बॅकग्राउंड सोळा आहेत पण त्यांचे ते आदर्श, बंध आणि खोटेचे तक्ते नाहीत. स्कोअर वाढवून देतात, एक फीट देतात, आणि संपलं. आमचा तो सरदाराच्या चिलखतावर जळणारा तांबट नव्या पुस्तकातून निघाला नसता.

घ्यायचं का? फुकट पर्याय आहे, २०२३ च्या जानेवारीपासून मूळ नियमांचा बराच भाग क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा आहे, खेळ आवडतो का हे बघायला तो भरपूर झाला. पॅलाडिनची डिव्होशनची शपथ त्यात आहे, तेव्हा साधा सरळ पॅलाडिन खेळणार असाल तर एक रुपया घालवू नका. पण त्यात प्रत्येक क्लासची एकच शाखा आहे, एल्ड्रिच नाईट नाही, वॉर डोमेन नाही, वॉर कास्टर नाही आणि बॅकग्राउंड एकच. म्हणजे आपल्याला जे हवं ते नेमकं दुकानात. ग्रुपमध्ये एकानं जुनं आणि एकानं नवं घ्या, बॅकग्राउंड जुन्यातून, बाकी डीएमला विचारून. मी जुन्याला पाचात चार देतो, अर्धा सूचीनं खाल्ला आणि अर्धा त्या हाताच्या भानगडीनं.

मागच्या महिन्यात ताईनं रस्ट मॉन्स्टर आणला. लोखंड खाणारा किडा, मिशी लागली की चिलखत गंजतं आणि एसी कायमचा एकानं कमी. मी लगेच, "ताई, वरचा पत्रा तांब्याचा आहे, तांबं कुठं गंजतंय!" नियमात पण लोहयुक्त धातूच लिहिलंय, मी पान उघडून दाखवायच्या तयारीत. ताई म्हणाली, "वरचं तांब्याचं, आतलं लोखंडाचं. आतून गंजलं की वरचा पत्रा सुटणार. सेव्ह टाक." अकरा पाहिजे होते, सात पडले.

"सुटला पत्रा," ती म्हणाली, "कुठला ठोका गेला ते तू सांग."

असा नियम कुठंच नाहीये. चिलखत गंजलं म्हणून स्पेल जात नाही, मी वाद घातला असता तर जिंकलो असतो आणि तिनं पण मान्य केलं असतं. मी शीटवर छातीचा चौकोन बघितला, पेन्सिल घेतली आणि शील्ड खोडलं. शेजारचा म्हणाला, "येडा झालास का, तोच तर लागतो!" आता पुढच्या लेव्हलपर्यंत असंच, अजून दोन सेशन तरी आहेत, आणि तांबट हातोडी घेऊन चांगला पत्रा कुठं मिळतो ते विचारत फिरतोय.